एकाच कागदावर दोन नजरा: हायडेलबर्गचा किल्ला आणि जुना पूल रेखाटताना

आपल्या प्रश्नाचा सारांश आधी मांडतो, म्हणजे पुढचे उत्तर कशाला उद्देशून आहे हे इतर वाचकांनाही कळेल. जूनमध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे आपला दोन दिवस मुक्काम होता. पहिल्या दिवशी सकाळी आपण नेकार नदीच्या उत्तर तीरावरील डोंगरउतारावर, फिलोझोफेनवेग या पायवाटेवर बसून समोरचा किल्ला आणि त्यामागचा डोंगर कागदाच्या वरच्या भागात पेन्सिलीने रेखाटला. दुसऱ्या दिवशी दुपारी आपण खाली नदीकाठी आलात आणि त्याच कागदाच्या खालच्या भागात जुना पूल काढला. घरी आल्यावर चित्र पाहताना किल्ला अधांतरी वाटतो, पूल दुसऱ्याच चित्रातून आणून ठेवल्यासारखा दिसतो आणि गडद भाग चकाकतात, अशी आपली तक्रार आहे. आपले यथार्थदर्शन (म्हणजे अंतर आणि खोली कागदावर दाखवण्याची रीत, पर्स्पेक्टिव्ह) कच्चे आहे का, मोबाइलवरच्या छायाचित्रावरून चुकलेला भाग खोडून दुरुस्त करावा का, आणि चित्रावर फिक्सेटिव्ह (पेन्सिल पुसली जाऊ नये म्हणून मारायचा पारदर्शक फवारा) फवारावे का, हे आपले तीन प्रश्न आहेत.

पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर 'नाही' असे आहे. आपण केलेल्या वर्णनावरून किल्ल्याचा भाग स्वतःपुरता जमलेला असावा आणि पुलाचा भागही स्वतःपुरता जमलेला असावा. बिघाड त्या दोहोंच्या नात्यात आहे. फिलोझोफेनवेगवर बसलेल्या माणसाची नजर साधारण किल्ल्याच्याच पातळीवर असते, तर नदीकाठी बसलेल्या माणसाची नजर पाण्यापासून जेमतेम काही मीटर वर असते. या दोन जागांच्या उंचीत सुमारे ऐंशी मीटरचा फरक आहे. आपण जे काढले ते एका प्रवाशाने दोन ठिकाणांहून पाहिलेले दोन देखावे आहेत आणि ते एका कागदावर आल्यामुळे पाहणाऱ्याचा डोळा त्यांना एकच देखावा समजून जुळवू पाहतो. ते जुळत नाहीत, म्हणून किल्ला तरंगतो. हे हाताच्या कौशल्याचे अपयश नाही, आणि म्हणूनच किल्ल्याच्या खिडक्या कितीही नेमक्या केल्या किंवा पुलाच्या कमानी पुन्हा कितीही नेटक्या काढल्या तरी ही अडचण सुटणार नाही.

नजरेची पातळी म्हणजे आपल्या डोळ्यांच्या उंचीवरून जाणारी कल्पित आडवी रेषा. तिच्या वर असलेल्या वस्तूची खालची बाजू आपल्याला दिसते आणि तिच्या खाली असलेल्या वस्तूची वरची बाजू दिसते. पाण्यालगत बसल्यावर पुलाचा कठडा आपल्या नजरेच्या वर राहतो. त्यामुळे कमानींचा आतला, वळलेला पृष्ठभाग दिसतो, रस्ता मात्र अजिबात दिसत नाही. फिलोझोफेनवेगवरून हाच पूल नजरेच्या पुष्कळ खाली असतो. त्यामुळे त्याचा रस्ता एखाद्या पट्टीसारखा उलगडतो, पलीकडच्या कठड्याची आतली बाजू दिसते आणि कमानींचे पोट जवळजवळ नाहीसे होते. शिवाय वरून पाहताना पूल आपल्यापासून दूर, दक्षिण तीराकडे जाताना दिसतो, म्हणून त्याची लांबी आकसते. आपल्या कागदावर किल्ला समोरासमोरच्या पातळीवरून पाहिलेला आहे, तर पुलाच्या कमानी खालून. असे दृश्य प्रत्यक्षात कोठूनही दिसू शकत नाही, आणि शास्त्र न शिकलेल्या प्रेक्षकालाही ते जाणवते; फक्त कारण सांगता येत नाही.

आता किल्ला तरंगण्याचे दुसरे कारण. किल्ला आणि पूल यांच्यामध्ये एक आख्खे जुने शहर आहे. आपण पाठवलेल्या वर्णनात त्याचा उल्लेखच नाही आणि माझा अंदाज असा की कागदावर त्या जागी पांढरी पट्टी किंवा अस्पष्ट रेघोट्या असाव्यात. ठळक वस्तू दोनच असल्या की त्याच काढायच्या आणि मधले सगळे नंतरसाठी ठेवायचे, हा मोह प्रवासात फार होतो, कारण वेळ कमी असतो. परंतु किल्ला जमिनीवर उभा आहे हे दाखवण्याचे काम किल्ला स्वतः करत नाही. ते काम त्याच्या पायथ्याचा उतार, उतारावरची झाडी आणि त्याखालची छपरांची दाटी करते. हायडेलबर्गमध्ये या कामासाठी हायलिगगाइस्ट चर्चचा मनोरा फार उपयोगी आहे. तो शहराच्या मध्यभागी, पुलाच्या दक्षिण टोकापासून जवळच उभा आहे आणि फिलोझोफेनवेगवरून पाहताना तो किल्ल्याच्या उजवीकडे येतो. पुलाचे प्रवेशद्वार, चर्चचा मनोरा आणि किल्ला हे तीन बिंदू आधी कागदावर टाकले आणि त्यांच्यातील अंतरे पेन्सिलीने मोजून पक्की केली की बाकीचे शहर अगदी थोड्या रेषांत सुचवले तरी चालते. या चित्रात मी सर्वांत जास्त वेळ याच तीन बिंदूंवर घालवला असता, तपशिलांवर नव्हे.

मोजण्याची पद्धत आपल्याला ठाऊक असेल, तरीही एक गोष्ट सांगतो, कारण नेमकी तीच अनेकांकडून सुटते. हात कोपरात न वाकवता पूर्ण लांब करावा, एक डोळा मिटावा, पेन्सिल उभी किंवा आडवी धरून तिच्यावर अंगठ्याने माप घ्यावे, हे सगळेच करतात. पण एकक म्हणून काय घ्यायचे हे सुरुवातीला ठरवून शेवटपर्यंत तेच ठेवावे लागते. मी शक्यतो चित्रातली लहान आणि स्पष्ट कडांची वस्तू निवडतो. येथे पुलाच्या प्रवेशद्वाराचे जोड मनोरे त्यासाठी चांगले आहेत. ते मूळ शहराच्या तटबंदीचा भाग होते, त्यांची उंची 28 मीटर आहे आणि त्यांच्या गोलसर, टोकदार शिरोभागामुळे दुरूनही ते ओळखू येतात. किल्ला या मनोऱ्यांच्या किती पट रुंद दिसतो, पुलाची दिसणारी लांबी किती पट आहे, डोंगराची कड किती पट वर आहे, हे मोजले की चित्राचा सांगाडा दहा-पंधरा मिनिटांत तयार होतो.

या मोजणीतून एक धक्का बसतो आणि तो बसू द्यावा. किल्ला दिसायला वाटतो त्यापेक्षा फार लहान असतो. किल्ला दरीच्या तळापासून सुमारे 80 मीटर उंचीवर आहे. पुलाच्या पश्चिमेकडच्या उत्तर काठावरून तो साधारण एक किलोमीटर दूर पडतो, असे धरले तर त्याचा पाया आपल्या नजरेच्या पातळीच्या वर साडेचार-पाच अंशांवर येतो. हात लांब करून मूठ धरली तर मुठीची रुंदी अंदाजे दहा अंश भरते. म्हणजे ही उंची अर्ध्या मुठीएवढी झाली. तीस सेंटिमीटर रुंद कागदावर साठ अंशांचा देखावा घेतला, तर एका सेंटिमीटरला साधारण दोन अंश येतात आणि किल्ल्याचा पाया नजरेच्या रेषेपासून अवघा अडीच सेंटिमीटर वर बसतो. आपण तो किती वर काढला आहे ते पट्टी लावून पाहावे. बहुतेक प्रवाशांच्या चित्रांत तो याच्या दुप्पट-तिप्पट वर गेलेला असतो, कारण मन ज्याला महत्त्व देते त्याला ते मोठे आणि उंच करते.

त्याचा आणखी एक परिणाम होतो. किल्ला आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभा असल्यासारखा काढला जातो. हायडेलबर्गचा किल्ला डोंगरमाथ्यावर नाही. त्यामागचा क्योनिगश्टूल हा डोंगर समुद्रसपाटीपासून सुमारे 568 मीटर उंच आहे आणि शहर 114 मीटरच्या आसपास आहे. म्हणजे शहरापासून माथ्यापर्यंतच्या चढणीचा जेमतेम पाचवा भाग चढल्यावर किल्ला येतो. त्याच्या मागे आणि वर दाट झाडी आहे. पेन्सिलीच्या दृष्टीने ही सर्वांत महत्त्वाची माहिती आहे, कारण किल्ल्याचा लालसर वालुकाश्म उन्हाळ्यातल्या गर्द झाडीपेक्षा उजळ असतो. तेव्हा किल्ल्याची बाह्यरेषा गडद करून तो उठावदार होत नाही. त्याच्या मागची झाडी गडद करावी आणि किल्ल्याच्या जागी कागद जवळपास कोरा राखावा लागतो. आपण किल्ल्याची कडा जाड रेषेने बांधली असेल, तर ती रेषाच त्याला डोंगरापासून तोडून वेगळी करते. तरंगण्यात तिचाही वाटा असणार.

या किल्ल्याच्या बाबतीत कोणता भाग पडका आहे आणि कोणता धड, हे ठाऊक असणे रेखाटताना खरोखर उपयोगी पडते. 1689 आणि 1693 मध्ये फ्रेंच सैन्याने तो उद्ध्वस्त केला आणि नंतर काही भाग दुरुस्त झाले असतानाच 1764 मध्ये वीज पडून तो पुन्हा जळाला. उत्तरेकडून, म्हणजे आपण पाहिलात त्या बाजूने, डाव्या टोकाला घंटेचा मनोरा, मध्यावर फ्रीडरिश इमारत, तिच्या उजवीकडे इंग्लिश इमारत आणि उजव्या टोकाला 'जाडा मनोरा' असा क्रम दिसतो. फ्रीडरिश इमारत 1601 ते 1607 या काळात बांधली गेली. ती आज छपरासह उभी आहे, म्हणून तिच्या खिडक्या आतल्या अंधारामुळे गडद दिसतात. इंग्लिश इमारत राजपुत्र फ्रीडरिश पाचवा याने इंग्लंडच्या राजकन्येशी, एलिझाबेथ स्टुअर्टशी झालेल्या विवाहाच्या सुमारास उभारली. तिला आता छप्पर नाही, त्यामुळे तिच्या खिडक्यांच्या पोकळीतून मागचा उजेड येतो. सर्व खिडक्या सरसकट काळ्या भरल्या की पडकी इमारत राहती दिसू लागते आणि भग्नावशेषाचे सगळे वैशिष्ट्य निघून जाते. जाड्या मनोऱ्याच्या भिंती सुमारे सात मीटर जाड होत्या आणि 1689 मध्ये त्याचा शहराकडचा भाग सुरुंगाने उडवला गेला. ती तुटलेली कडा दातेरी रेषेने काढू नये. जाडी दाखवायची असेल तर भिंतीची बाहेरची बाजू, तुटलेला छेद आणि आतली बाजू या तिघांना तीन वेगळ्या छटा द्याव्यात. रेषा त्यानंतर आपोआप कमी लागतात.

पुलाकडे वळतो. आजचा पूल 1788 मध्ये पूर्ण झाला. त्याआधीच्या पुलाचे दगडी खांब आणि त्यावरचा लाकडी भाग अशी रचना होती आणि 1784 च्या फेब्रुवारीत बर्फाच्या लाद्या घेऊन आलेल्या पुराने तो वाहून गेला. त्यानंतर निर्वाचक राजा (सम्राटाच्या निवडीत मत असलेला जर्मन राजा) कार्ल थिओडोर याने संपूर्ण दगडी पूल बांधवला. तो सुमारे 200 मीटर लांब असून त्याला नऊ कमानी आहेत. मार्च 1945 मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने त्याचा काही भाग उडवला आणि 1947 पर्यंत तो पुन्हा उभा करण्यात आला. हा इतिहास मी माहितीपुरता सांगत नाही. बर्फाच्या तडाख्याला टिकण्यासाठी बांधलेला पूल जड असतो. त्याचे खांब रुंद आहेत आणि पाण्याकडे निमुळते होत पुढे आलेले आहेत. चित्र काढताना मात्र बहुतेक जण आधी कमानींची अर्धवर्तुळे काढतात आणि उरलेल्या जागेत खांब कोंबतात. मग पूल नाजूक आणि कागदी दिसतो. मी उलट क्रम सुचवेन. आधी पाण्याची रेषा, मग खांबांच्या पायांची स्थाने, मग कठड्याची वरची रेषा आणि सर्वांत शेवटी कमानी. कमान ही दोन खांबांमधली उरलेली पोकळी आहे असे मानले की तिचा आकार अधिक खरा येतो.

पूल तिरका दिसत असेल तर जवळच्या कमानी रुंद आणि दूरच्या अरुंद होत जातात, हे आपण नक्कीच केले असेल. त्याबरोबर आणखी एक बदल होतो, तो बऱ्याचदा राहून जातो. जवळच्या कमानीतून पलीकडचे पाणी आणि काठ दिसतो. दूर जाऊ तसतशी खांबाची जाडी आड येते आणि पोकळी चिंचोळी होत जाते, शेवटच्या कमानीत ती केवळ एका उजळ फटीएवढी उरते. ही फट योग्य ठिकाणी सोडली की नऊच्या नऊ कमानी मोजून काढण्याची गरज राहत नाही. तरीही या पुलाच्या बाबतीत माझे मत असे आहे की कमानींची संख्या बरोबर ठेवावी. प्रवासी चित्र हा एका ठिकाणचा पुरावाही असतो आणि नऊऐवजी सात कमानी आल्या तर ते चित्र त्या पुलाचे राहत नाही.

प्रतिबिंबाबद्दल थोडक्यात सांगतो. पाण्यातले प्रतिबिंब म्हणजे वरच्या चित्राची उलटी नक्कल नव्हे. पाणी आपल्याला जो देखावा दाखवते तो पाण्याच्या पृष्ठभागाखाली तितक्याच खोलीवर असलेल्या डोळ्याला दिसावा तसा असतो. म्हणून पुलाच्या प्रतिबिंबात कमानीचा आतला भाग प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतो, आणि दूरच्या किल्ल्याचे प्रतिबिंब त्याच्या पुढच्या घरांच्या प्रतिबिंबाआड कितीतरी झाकले जाऊ शकते. फिलोझोफेनवेगच्या उंचीवरून तर किल्ल्याचे प्रतिबिंब नदीच्या पात्रात मावेलच असे नाही. शंका असल्यास प्रतिबिंब काढूच नये. काही आडव्या, फिक्या रेषा आणि खांबांखालच्या थोड्या गडद छटा पुरतात.

येथपर्यंतचा मुद्दा एका वाक्यात सांगायचा तर आपल्या चित्रात नजरेच्या पातळ्या दोन आहेत, मधला दुवा गायब आहे आणि किल्ल्याला आकाशाविरुद्ध उभे करणारी कडा आहे. पण यात आणखी एक भर पडली आहे, ती उजेडाची. किल्ला डोंगराच्या उत्तर उतारावर आहे आणि आपण तो उत्तरेकडून पाहता. याचा अर्थ दिवसाचा बहुतेक काळ सूर्य किल्ल्याच्या मागे किंवा वर असतो. जूनमधल्या सकाळी सूर्य पूर्वेकडून आग्नेयेला सरकतो आणि वायव्येकडून आग्नेयेला पाहणाऱ्याच्या जवळपास समोर येतो, म्हणून किल्ला सपाट करडा दिसतो. भरदुपारी सूर्य सुमारे 64 अंश उंच असतो. तेव्हा भिंतींच्या फक्त वरच्या कडा उजळतात. आपण किल्ला सकाळी काढला आणि पूल दुसऱ्या दिवशी दुपारी, त्यामुळे दोघांच्या सावल्यांची दिशाही वेगळी असणार. त्या ठिकाणी उन्हाळ्यात उत्तम वेळ म्हणजे संध्याकाळी सहानंतरची. सूर्य तेव्हा पश्चिमेच्याही पलीकडे, वायव्येला कलू लागतो आणि त्याचे तिरपे ऊन उत्तरेकडच्या भिंतींवर पडते. जूनमध्ये सूर्यास्त साडेनवाच्या सुमारास असल्याने कामाला पुरेसा वेळही मिळतो. हिवाळ्यात मात्र हे ऊन या भिंतींना लागतच नाही. तेव्हा उजेडावर विसंबण्यापेक्षा पानगळीमुळे उघड्या पडलेल्या उताराच्या रचनेवर चित्र उभे करावे लागते.

आता दुसरा प्रश्न, खोडून दुरुस्ती करावी का. याचे उत्तर तीन गोष्टींवर अवलंबून आहे. आपल्याला हे चित्र प्रवासाची नोंद म्हणून हवे आहे की स्वतंत्र चित्र म्हणून भिंतीवर लावायचे आहे, कागद किती जाड आहे, आणि गडद भाग किती दाबून भरले आहेत. नोंद म्हणून हवे असेल तर माझा आग्रह आहे की मूळ कागदाला हात लावू नये. त्यावर आपण त्या दोन दिवशी काय पाहिले ते आहे आणि नंतरची दुरुस्ती ते पुसून टाकेल. फार तर मधली जागा मऊ, मळता येणाऱ्या खोडरबराने हलकेच साफ करून तेथे स्वच्छ पांढरी पट्टी ठेवावी आणि वरच्या व खालच्या भागाखाली जागा व वेळ लिहावी. मग ते एक बिघडलेले दृश्य न राहता एका कागदावरचे दोन अभ्यास होतात, जे ते मुळात आहेतच. प्रवासी चित्रकारांच्या वह्यांत अशी पाने भरपूर असतात. इंग्लिश चित्रकार टर्नर हायडेलबर्गला आला तेव्हा त्यानेही जागेवर मुख्यतः पेन्सिलीच्या झटपट रेखाटनांवर काम केले आणि रंगीत चित्रे नंतर, त्या नोंदींच्या आधारे तयार केली. जागेवरचे रेखाटन आणि अंतिम चित्र यांत फरक ठेवण्याची ही रीत आजही सर्वांत व्यवहार्य आहे.

स्वतंत्र चित्र हवे असेल तर नवा कागद घ्यावा आणि दोन नजरांपैकी एक निवडावी. मी आपल्या जागी असतो तर फिलोझोफेनवेगची निवडली असती. किल्ला आपण तेथून काढलेला आहेच, शहराची छपरे त्या उंचीवरून उत्तम दिसतात, आणि पूल खाली, तिरका, शहराकडे नेणारा रस्ता म्हणून चित्रात काहीतरी काम करतो. काठावरच्या दृश्यात पूल प्रमुख होतो आणि किल्ला लहान. तेही सुंदर चित्र आहे, परंतु त्यासाठी आपल्याकडचे किल्ल्याचे रेखाटन उपयोगी नाही, कारण ते फिलोझोफेनवेगच्या उंचीवरून पाहिलेले आहे. पुन्हा कधी तेथे जाणे झाले तर पुलाच्या उत्तर टोकाजवळून फिलोझोफेनवेगकडे चढणाऱ्या श्लांगेनवेग या वळणावळणाच्या वाटेवर मध्ये थांबून पाहावे. अर्ध्या उंचीवरून किल्ला थोडा वर आणि पूल थोडा खाली राहतो आणि दोघांना सारखा मान देणारी रचना मिळण्याची शक्यता तेथे अधिक आहे.

छायाचित्राचा उपयोग करण्यास माझा विरोध नाही. मात्र ते कशासाठी वापरायचे हे ठरवून घ्यावे. मोबाइलचा नेहमीचा कॅमेरा बराच रुंद देखावा घेतो, त्यामुळे दूरचा किल्ला त्यात क्षुल्लक होतो आणि कडेच्या वस्तू ताणल्या जातात. कॅमेरा वर कलवून काढलेल्या छायाचित्रात उभ्या रेषा वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकतात. असे छायाचित्र तसेच्या तसे गिरवले की चित्रातही ते दोष उतरतात. छायाचित्रावरून कोन तपासावेत, कमानी मोजाव्यात, छपरांची दिशा पाहावी. आकारांचे परस्परप्रमाण मात्र आपल्या जागेवरच्या मोजमापावरून घ्यावे. किल्ला मोजमापापेक्षा किंचित मोठा करण्याची मुभा मी स्वतः घेतो, कारण जागेवर उभे असताना लक्ष खरोखरच त्यावर असते, पण ती वाढ पाव हिश्श्यापलीकडे जाऊ देत नाही. त्यापुढे गेले की डोंगर बुटका होतो आणि किल्ला उतारावर न राहता माथ्यावर जाऊन बसतो.

पेन्सिलीच्या चकाकीबद्दल. मऊ पेन्सिलीने, उदाहरणार्थ 6बीने (बीमागचा आकडा जितका मोठा तितकी पेन्सिल मऊ आणि काळी; एचबी या सर्वांहून कठीण), दाबून भरले की ग्रॅफाइटचे पापुद्रे कागदावर सपाट दाबले जातात आणि ते प्रकाश परावर्तित करतात. ही चकाकी खोडून पूर्ण जात नाही. झाडीसारखा गडद भाग हवा असेल तर 2बी किंवा 3बीने, हलक्या हाताने, वेगवेगळ्या दिशांनी तीन-चार थर द्यावेत आणि अगदी शेवटी मोजक्या जागी 4बी वापरावी. दूरचा डोंगर एचबीने, जवळचे खांब 2बीने, असे ठेवले तर अंतरही आपोआप दिसते. ग्रॅफाइटची काळी छटा मर्यादितच असते. म्हणून सर्वांत गडद जागा कुठली हे आधी ठरवून घ्यावे. या चित्रात मी ती किल्ल्यामागच्या झाडीत ठेवीन, पुलाखाली नाही, कारण पुलाखालचा अंधार पाण्यावरून परतणाऱ्या उजेडाने नेहमी थोडा फिका झालेला असतो.

तिसरा प्रश्न फिक्सेटिव्हचा. ग्रॅफाइट हा कार्बनच असल्याने तो उन्हाने उडत नाही. त्याला धोका आहे तो घासण्याचा आणि आम्लयुक्त कागदाचा. चित्र वहीतच राहणार असेल तर समोरच्या पानाला लागून ते पुसले जाईल, तेव्हा मध्ये ग्लासीन (गुळगुळीत, अर्धपारदर्शक) कागद ठेवावा. एवढेच पुरेसे असते. फवारा मारायचाच असेल तर सर्व दुरुस्त्या संपल्यावर, उघड्या हवेशीर जागी, दूरवरून, दोन पातळ थरांत मारावा आणि आधी त्याच कागदाच्या तुकड्यावर थोड्या छटा काढून चाचणी घ्यावी. फिक्सेटिव्हने गडद भाग थोडे आणखी गडद होतात, आणि एकदा तो बसला की खोडरबर जवळपास निरुपयोगी ठरतो. म्हणून आपले चित्र नोंद म्हणून ठेवायचे असेल तर मी आत्ताच फवारणार नाही.

अशा साध्या नोंदींचे मोल किती असू शकते याचे उदाहरण याच किल्ल्याचे आहे. शार्ल द ग्रँबेर्ग हा फ्रेंच चित्रकार 1810 मध्ये हायडेलबर्गला आला. किल्ल्याची चित्रे काढायची, एवढाच त्याचा आरंभीचा हेतू होता. त्या काळात लोक किल्ल्याचे दगड बांधकामासाठी उचलून नेत असत. तो तेथेच राहिला, 1864 मध्ये मृत्यू येईपर्यंत. त्याने काढलेली आणि छापून प्रसिद्ध केलेली चित्रे दूरवर पोहोचली आणि भग्नावशेष जपले जावेत हा आग्रह त्याने अखेरपर्यंत धरला. त्याच्या चित्रांना हे वजन आले ते प्रत्येक भाग कोठून पाहिला आहे आणि तो कोणत्या स्थितीत आहे याबद्दलच्या काटेकोरपणामुळे.

आपल्याकडे छायाचित्रांपैकी फिलोझोफेनवेगवरून घेतलेले, पूल आणि किल्ला दोन्ही एकाच चौकटीत असलेले एखादे असेल, तर नवा कागद घेण्याआधी त्यावर नजरेची पातळी आखून पाहावी. त्यासाठी किल्ल्याच्या गच्चीचा कठडा उपयोगी पडेल. तो छायाचित्रात जवळपास सरळ आडवा दिसत असेल आणि त्याच्या वरचा वा खालचा भाग फारसा उघडा पडत नसेल, तर आपण त्याच उंचीवर होतात, आणि मग पुलाची रस्त्याची पट्टी त्या रेषेच्या किती खाली येते हे मोजता येईल. त्या अंतराइतकी मोकळी जागा कागदावर किल्ल्याखाली आधी राखून घ्यावी, तिच्यात चर्चचा मनोरा उभा करावा आणि मगच पुलाला हात घालावा. कागद आडवा घेतला असेल तर या टप्प्यावर कदाचित जागा अपुरी पडते असे आढळेल. तसे झाल्यास किल्ला लहान करण्यापेक्षा कागद उभा घ्यावा.